पडद्यावरचे तंजावर : एका खेळगड्याची मते

संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्याचे दोन ठळक वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील लेखकांनी हे खेळ बहुधा कधी खेळलेले नसतात. मुलांचे डोळे, मुलांचा अभ्यास आणि मुलांची झोप यांच्या काळजीने ते लिहीत असतात. ती काळजी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या वर्गातील लेखकांना खेळ विकायचे असतात. खेळ स्वतः खेळलेला आहे, तो विकण्यात आपला काडीचाही स्वार्थ नाही, आणि तरीही एखाद्या कादंबरीविषयी बोलावे तितक्या गांभीर्याने त्याच्याविषयी बोलावेसे वाटते, असा तिसरा वर्ग मराठीत अजून विरळाच आढळतो. त्या वर्गाच्या वतीने काही मते येथे भीडभाड न ठेवता मांडण्याचे योजिले आहे.

ही मते कोठे बसून बनली, हे मात्र सांगणे अवश्य आहे. कारण त्याचा मतांशी संबंध आहे. मी तंजावरचा. राजवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आमचे घर आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. उंबरठ्याबाहेर पाऊल पडले की तमिळ सुरू होते. शेजारी आम्हांला ‘रायर’ म्हणतात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर नातीने मला संगणकावरचे खेळ शिकविले, आणि ती पुढे अभ्यासाला लागली तरी मी खेळतच राहिलो. अशा माणसाच्या पडद्यावर एके दिवशी अचानक त्याचेच गाव उभे राहते, चोळांची राजधानी म्हणून. मग खेळ हा केवळ वेळ घालविण्याचा विषय राहत नाही. आपण जेथे नांदतो त्या भूमीविषयी हा खेळ काय म्हणतो आहे, असा प्रश्न मनात उभा राहतो.

खेळाचे म्हणणे शोधावे कोठे? मराठीत ‘खेळ’ हा शब्द फार उदार आहे. सोंगट्यांचा खेळ, बाहुल्यांचा खेळ, दशावताराचा खेळ, नाटकाचा खेळ, हे सारे त्या एका शब्दात मावते. तंजावरच्या भोसले राजांना हे औदार्य चांगले ठाऊक होते. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) ‘पंचभाषाविलास’ हे नाटक रचले, त्यात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगभूमीवर वावरतात. पुढे सरफोजी राजांनी (१७९८ ते १८३२) मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यातली भविष्य सांगणारी कुरव स्त्री सरफोजींच्या रचनेत साऱ्या जगाचा भूगोल सांगते. खंडे, देश आणि नद्या नाचत-गात शिकविण्याचा तो उद्योग होता. खेळातून ज्ञान द्यावे, ही कल्पना संगणकवाल्यांनी शोधून काढली असे मानणाऱ्यांनी ही कुरवंजी एकदा पाहावी.

तरीही नाटकाचा खेळ आणि पटावरचा खेळ यांत एक भेद आहे. नाटकाचे म्हणणे संवादांत आणि अभिनयात असते; पटावरच्या खेळाचे म्हणणे त्याच्या नियमांत असते. चित्र, संगीत, वेशभूषा हे खेळाचे अलंकार होत. नियम काय करू देतो, काय करू देत नाही, आणि कशाला विजय म्हणतो, हा त्याचा अर्थ. अलंकार एक सांगतात आणि अर्थ दुसराच निघतो, असेही पुष्कळदा घडते. आमच्याकडे वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरणासाठी परमपद सोपानाचा पट मांडतात. पटावरच्या सापांना दुर्गुणांची आणि शिड्यांना सद्गुणांची नावे दिलेली असतात. चित्र सांगते की माणूस आपल्या कर्माने चढतो वा पडतो. परंतु सोंगटी हलते ती फाशावर! शिडी निवडण्याचा अधिकार खेळणाऱ्याला मुळी नाहीच. म्हणजे चित्र कर्माचे तत्त्वज्ञान सांगते आणि नियम प्रारब्धाचे, किंवा भक्ताच्या दृष्टीने पाहिले तर कृपेचे. या विसंवादातच त्या खेळाची गंमत आहे. पल्लांगुळीचा नियम याहून घरगुती आहे. चौदा खळग्यांच्या लाकडी पाटीवर चिंचोके वा कवड्या एकेक करून पेरीत जायचे, आणि एखाद्या खळग्यात चार जमले की त्यांना ‘पसु’, म्हणजे गाय, म्हणून तो खळगा ज्याचा असेल त्याने ते उचलायचे. पेरल्याशिवाय काही हाती लागत नाही, हे तो खेळ एकही शब्द न उच्चारता सांगतो. भाताच्या शेतीवर जगणाऱ्या प्रदेशात तो इतका रुजला, याचे मला नवल वाटत नाही.

हीच कसोटी आता पडद्यावरच्या खेळांना लावून पाहू.

‘एज ऑफ एम्पायर्स’ या मालिकेचा दुसरा भाग १९९९ साली आला आणि आजही जगभर खेळला जातो. त्यात २०१३ साली ‘भारतीय’ अशी एकच संस्कृती घालण्यात आली होती. पेशावरपासून कन्याकुमारीपर्यंत सर्वांसाठी एकच पोशाख आणि एकच बोली. २०२२ साली ही चूक सुधारण्यात आली आणि बंगाली, गुर्जर, द्राविड अशा संस्कृती स्वतंत्र झाल्या. द्राविडांच्या वाट्याला राजेंद्र चोळाच्या पराक्रमाची मोहीम आली. ज्याच्या आरमाराने १०२५ च्या सुमारास श्रीविजयावर स्वारी केली, तो हा राजेंद्र. पडद्यावरच्या गावकऱ्याला काम सांगितले की तो तमिळमध्ये उत्तर देतो. ते प्रथम ऐकले तेव्हा मला झालेला आनंद लपविण्याचे कारण नाही. इतकी वर्षे जगभरच्या राजांच्या वतीने लढल्यावर आपल्या वेशीवरची भाषा त्या यंत्रातून ऐकू आली होती.

पण नियमांकडे वळले की मन खट्टू होते. या खेळात संपत्ती चार प्रकारची: अन्न, लाकूड, सोने आणि दगड. शेत तयार करायला लाकूड लागते. द्राविडांना प्रत्येक नव्या युगात पाऊल टाकताना दोनशे लाकूड बक्षीस मिळते, आणि त्यांच्या कोळ्यांना जास्त मासे वाहून आणता येतात. समुद्राकडे तोंड असलेल्या राज्याला हे शोभते, हे मान्य. परंतु तंजावरचे ऐश्वर्य कशावर उभे राहिले? कावेरीच्या पाण्यावर. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै हा बंधारा, त्यातून फुटणारे कालवे, कालव्यांतून निघणारे पाट, पाटांवर अवलंबून असलेली गावे, आणि पाण्याच्या पाळीवरून होणारे तंटे व समेट, हीच या राज्याची खरी तिजोरी होती. खेळात नदी आहे, पण ती केवळ ओलांडायची वा तिच्यात मासे धरायचे. कालवा काढण्याची सोय नाही. ज्या राज्याने आपले मोठेपण पाणी वाटून मिळविले, त्याला लाकूड तोडून मोठे व्हायला लावणे, हा त्या राज्याच्या बाबतीत घडलेला अर्थाचा अनर्थ आहे. पागोटे बरोबर बांधले, माणूस मात्र चुकला.

या खेळातील दुसरा एक नियम मला अधिक विचार करायला लावतो. त्यात धर्मोपदेशक असतात. ते शत्रूच्या सैनिकापुढे उभे राहून काही पुटपुटतात, आणि क्षणार्धात त्या सैनिकाचा रंग बदलतो. निळा होता तो लाल होतो. आता तो आपल्या बाजूने लढेल. मी हे पाहतो तेव्हा मला आमचे पूर्वज आठवतात. व्यंकोजीराजे विजापूरकरांच्या वतीने १६७५-७६ च्या सुमारास तंजावरात आले आणि येथेच राजे झाले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून आलेले सरदार, कारकून, शास्त्री, हरिदास, आचारी हेही राहिले. त्यानंतर साडेतीन शतके लोटली. आमच्या कीर्तनाने तमिळ हरिकथेला वळण दिले आणि तमिळने आमच्या क्रियापदांना. आमचा रंग बदलला की नाही? बदलला असेल तर कोणत्या दिवशी? कोणी काय पुटपुटले म्हणून? याचे उत्तर देणारा नियम त्या खेळात नाही, कारण त्याच्या जगात माणूस एका वेळी एकाच रंगाचा असू शकतो.

‘सिव्हिलायझेशन’ ही मालिका सिड मायर यांनी १९९१ साली सुरू केली. एक संस्कृती हाती घ्यायची आणि अश्मयुगापासून अंतराळयुगापर्यंत तिला न्यायची, असा तिचा विस्तार. या खेळाने स्वतःचे पुराणही निर्माण केले आहे. पहिल्या आवृत्तीतील गांधीजी इतके शांतताप्रिय ठरविले होते की आकडेमोडीतील एका दोषामुळे त्यांचा आकडा शून्याखाली घसरून एकदम शिखरावर गेला आणि ते अण्वस्त्रे फेकू लागले, अशी कथा जगभर सांगितली जाते. मायर यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात असा दोष नव्हताच, असे स्पष्ट केले. तरी कथा मरत नाही. प्रक्षेप एकदा लोकांच्या तोंडी बसला की संशोधित आवृत्तीला कोणी विचारीत नाही, याचा अनुभव जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्यांना निराळा सांगायला नको.

या मालिकेचा सातवा भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. त्यात चोळ आहेत. ‘मणिग्रामम्’ आणि ‘अंजुवण्णम्’ या दक्षिणेच्या व्यापारी श्रेणींची नावे इमारतींना दिलेली आहेत. आणि जगातील आश्चर्यांत आमचे बृहदीश्वराचे देऊळ आहे. या भागातील एका नियमावर जगभरचे जुने खेळाडू संतापले. पूर्वी एक संस्कृती घेतली की अखेरपर्यंत तीच चालवायची असे. हा भाग आला तेव्हा त्यात युग पालटले की संस्कृतीही बदलावी लागे. नायक तोच राहतो, पण त्याची प्रजा, तिच्या इमारती, तिच्या कला दुसऱ्या होतात. रोम रोमच राहिला पाहिजे, असा संतापलेल्यांचा आग्रह आहे. मला तो आग्रह भाबडा वाटतो. माझे मत विचाराल तर त्या साऱ्या खेळात सर्वांत खरा नियम हाच आहे. तंजावरात चोळ होते, मग पांड्य, विजयनगर, नायक, भोसले झाले. १८५५ साली शेवटचे शिवाजीराजे पुत्रसंतानाविना वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. पाणी तेच, तांदूळ तोच, देऊळ तेच. दर दोन-तीनशे वर्षांनी ‘आता आपण कोण?’ हा प्रश्न येथील माणसाला पडला आणि प्रत्येक वेळी त्याने त्याचे उत्तर दिले. असा प्रश्न कधी न पडलेल्या देशांत खेळाडूंना हा नियम अस्वाभाविक वाटावा, हे समजण्यासारखे आहे.

तथापि याच खेळात देवळाची जी गत होते, ती मला पटत नाही. ठराविक खेळ्यांत देऊळ बांधून होते, चित्र झळकते, काही गुण पदरात पडतात, आणि देऊळ संपते. राजराज चोळाने १०१० साली कळस चढविला तेव्हा खरे देऊळ संपले नाही. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळांनी भित्तिचित्रे काढली. नायकांच्या काळी त्यांवर गिलावा देऊन नवी चित्रे काढण्यात आली. अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना १९३१ साली त्या थराखालची चोळचित्रे दिसली. सरफोजींनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र त्याच देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविले. दगडावर इतका प्रदीर्घ मराठी मजकूर मी दुसरीकडे पाहिलेला नाही, आणि तो आहे तमिळ देशात, चोळांच्या भिंतीवर, शेकडो तमिळ लेखांच्या शेजारी. १९८७ साली युनेस्कोने त्या देवळाला जागतिक वारशात स्थान दिले. हा सारा जो थरांचा इतिहास, तो खेळात बसत नाही. कारण तेथे इमारत एकाच मालकाची असते. नव्या युगात जुन्या इमारतीवर नवी चढविता येते, पण जुनी मग खालून कधी डोकावत नाही.

आता एका मराठी मुलखातील खेळाकडे वळतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध केला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधीत निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका. दुर्गा तिला त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत तिची कथा सांगतात. राजस्थानी वाडे आणि पहाडी चित्रांचे रंग डोळ्यांना सुखवितात. ज्या देशाच्या देवांना परदेशी खेळांत आजवर बहुधा राक्षसांसारखे वापरले गेले, तेथील कलावंतांनी स्वतःच्या देवांना स्वतःच्या चालीने वागविले, याचे मोल मी कमी मानीत नाही. परंतु खेळगडी म्हणून खरे सांगायचे तर लढाया लवकरच एकसुरी होतात, आणि शेवट असा तुटक येतो की कीर्तनकाराने आख्यान अर्ध्यावर टाकून आरतीचे तबक उचलावे. राजीचे मूळ बोलणे इंग्रजीतले. ते त्या चित्रांना परके वाटते. हिंदी आवाज नंतरच्या आवृत्तीत आले आणि खेळ थोडा सुधारला.

या खेळातील मला विशेष भावलेली गोष्ट निराळीच आहे. कथेचे दुवे त्यात छायाबाहुल्यांनी सांगितले आहेत, आणि त्या बाहुल्यांची धाटणी बाली बेटावरची आहे. पुण्याच्या चित्रकारांना त्यासाठी बालीपर्यंत जावे लागले, हे पाहून मला तंजावरची आठवण झाली. तमिळनाडूत चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ करणारे मंडिगर कलावंत घरात मराठीची एक बोली बोलतात. भोसल्यांच्या राज्यात या कलेला आश्रय होता, असे परंपरा सांगते. राज्य गेल्यावर यांतील घराणी दक्षिणेकडे, पार कन्याकुमारीपर्यंत पांगली. पडद्यामागे बसून एकच माणूस राम, रावण, सीता आणि विदूषक यांचे संवाद तमिळमध्ये म्हणतो, आणि पडदा उतरल्यावर बायकोशी मराठीत बोलतो. आता हे खेळ करणारे मोजकेच उरले आहेत. दिव्याच्या उजेडातला हा पडदा आणि विजेच्या उजेडातला तो पडदा यांची भेट घालून देणारा कोणी पुण्यात निघाला, तर त्याला बालीला जाण्याची गरज पडणार नाही.

येथवर ज्या खेळांविषयी लिहिले त्यांच्याशी माझे भांडण आपुलकीचे आहे. पैशाच्या खेळांशी तसे नाही. मोबाईलवर पत्त्यांचा डाव मांडून रोख पैसे लावायला लावणाऱ्या खेळांनी गेल्या दशकात तमिळनाडूत अनेक घरे बसविली. राज्याने २०२२ साली त्यांविरुद्ध कायदा केला. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण रमी आणि पोकर हे कौशल्याचे खेळ असल्याचे सांगून त्यांना वगळले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या साऱ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. या सर्व काळात वाद चालला तो कौशल्य की दैव, असा. मला हा वाद गौण वाटतो. ऋग्वेदातील अक्षसूक्ताच्या कर्त्याला तो पडलेला दिसत नाही. ‘लीळाचरित्रा’तील हरिपाळदेवाच्या कथेतही तो नाही. द्यूतात हरलेला हरिपाळदेव पत्नीकडे अलंकार मागतो, ती देत नाही, आणि त्या क्षणी त्याचे मन संसारातून उठते. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: हरलेल्या माणसाला पटावरून उठता येते का? परमपद सोपानात पहाट होते आणि पट गुंडाळला जातो. पल्लांगुळीत चिंचोके संपतात. ज्या खेळाच्या नियमांत उठण्याची जागा ठेवलेली नाही, तो खेळ नव्हे, वसुली आहे. मग तिच्यात कौशल्य कितीही असो. पैसे न लावता खेळायचे, पण दर थोड्या वेळाने ‘पुढची पाळी विकत घ्या’ म्हणणारे जे रंगीबेरंगी खेळ आहेत, त्यांनाही मी याच पंक्तीला बसवितो, फक्त जरा खालच्या पाटावर.

उलट ‘टेट्रिस’ पाहा. मॉस्कोतील अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ साली तो रचला. वरून तुकडे पडतात, ते नीट बसवायचे. ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. कथा नाही, देव नाहीत, राज्ये नाहीत. जे साधले ते दिसेनासे होते आणि जे फसले तेवढे डोळ्यांसमोर साचत जाते, एवढा एकच नियम. संसाराचे याहून नेमके वर्णन मी फार थोड्या ग्रंथांत वाचले आहे. आमच्या दारात पहाटे काढलेले कोलम दुपारपर्यंत पायांखाली पुसले जाते, आणि त्याविषयी घरातील बायकांनी कधी खेद केलेला नाही. त्यांना टेट्रिस शिकवावा लागला नसता.

शेवटी ज्या खेळाने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले, त्याच्याविषयी. ‘वेण्बा’ हा खेळ टोरोंटोतील ‘विसै गेम्स’ या छोट्या संस्थेने २०२३ साली काढला. पुढच्या वर्षी त्याला पदार्पणाच्या खेळासाठीचे ‘बाफ्टा’ पारितोषिक मिळाले. १९८० नंतरच्या दशकात कॅनडात गेलेले एक तमिळ जोडपे, त्यांना तेथे झालेला मुलगा, आणि वेण्बाच्या आईची एक फाटकी पाककृतींची वही. वहीतील शब्द पुसट झालेले, ओळी गहाळ. खेळणाऱ्याने उरलेल्या शब्दांवरून आणि चित्रांवरून कृतीचा क्रम लावायचा. इडलीच्या थाळ्या एकावर एक कशा रचाव्या, रश्शाला फोडणी केव्हा द्यावी, एवढीच कोडी. चुकले तर पदार्थ बिघडतो, पुन्हा करायचा. मुलगा मोठा होत जातो तशी त्याची तमिळ विरत जाते, आणि वहीतल्या ओळीही. दीड-दोन तासांत खेळ संपतो.

येथे मात्र नियम आणि कथा यांच्यात फट नाही. भाषा म्हणजे क्रम लावणे. क्रम हरवला की हाताशी सारे जिन्नस असूनही पदार्थ होत नाही, हे या खेळात कोणी सांगत नाही, तुम्हांला ते करून पाहावे लागते. दोष दाखवायचाच तर खेळ फार सौम्य आहे. त्याची कोडी पाचव्या मिनिटाला सुटतात, आणि खऱ्या घरांत ती पन्नास वर्षांत सुटत नाहीत.

नात सुट्टीत आली होती तेव्हा आम्ही दोघांनी तो खेळला. तिचे तमिळ उत्तम आहे. पडद्यावरचे तमिळ शब्द ती माझ्याआधी लावत होती. मराठी ती बोलते, आमची तंजावरी मराठी, पण वाचीत नाही. खेळ संपल्यावर ती म्हणाली, “ताता, आपली अशी वही नाही?” आजोबांना ती तमिळ शब्दाने हाक मारते आणि वाक्य मराठीत पुरे करते. आपली वही आहे, हे मला तिला सांगता आले. सरस्वती महाल ग्रंथालयात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे. सरफोजींच्या मुदपाकखान्यातील पाककृती, मराठीत. त्याची छापील प्रत घरी होती. मी ती पुढे केली आणि तिने पान उघडून पाहिले. अक्षरे तिला परकी होती. वेण्बाच्या मुलाला जे झाले ते कॅनडात झाले. आमच्याकडे ते गाव न सोडता झाले आहे, राजवाड्याच्या सावलीत.

तंजावरापासून फार दूर नाही, नीडामंगलमजवळ पूवनूर म्हणून गाव आहे. तेथील शंकराचे नाव चतुरंगवल्लभनाथ. बुद्धिबळात कोणाला न हरणारी एक राजकन्या होती. शंकर वेष पालटून आला, तिच्याशी डाव मांडला, जिंकला आणि तिला वरले, अशी स्थलकथा आहे. २०२२ साली मामल्लपुरमला बुद्धिबळाचे ऑलिंपियाड भरले तेव्हा या देवळाचे नाव देशभर झाले. विश्वनाथन आनंद १९६९ साली जन्मले ते मयिलादुतुरैही त्या वेळी तंजावर जिल्ह्यातच होते, याचा आम्हांला थोडा अभिमान आहे. परंतु मला त्या कथेत जिंकण्याहून पुढचा भाग मोठा वाटतो. देव जिंकायला आला आणि राहिला. त्याचे सारे वैभव बाजूला पडून त्याला त्या खेळाचेच नाव लागले, आणि आता तो पूवनूरचा आहे. व्यंकोजीराजे आणि त्यांची माणसे यांची गोष्ट याहून निराळी नाही.

राहण्याला विजय मानणारा खेळ अजून कोणी केलेला मला आढळला नाही. ज्यांनी नियम रचायचे त्यांना हे सुचवून ठेवतो. पटावर शेजारची भाषा येईल तसतशी घरची भाषा पुसट होत जावी. दोन्ही राखणे कठीण असावे, पण अशक्य नसावे. आणि हरलेल्याला उठून पुन्हा बसता यावे. तोवर आमच्या घरी एक छोटा डाव चालू आहे. नात चेन्नईहून फोन करते, मी पाकशास्त्रातली एकेक कृती पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून तिला पडद्यावर दाखवितो, आणि ती वाचते. गेल्या आठवड्यात तिने एक कृती शेवटपर्यंत लावली. जोडाक्षरांना ती अजून अडखळते. पुढची कृती तिने स्वतः निवडली आहे. ती लांब आहे.